आधी कागद, मग किक

सकाळी ६.४०

कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरातली मागची गल्ली. लेथ अजून सुरू झालेले नाहीत. रस्त्याकडेला रात्रीचा लोखंडी कीस पडलेला आहे. मिस्त्रींचं शटर अर्धं वर आहे. आत दहा बाय अठराचा गाळा, भाडं महिना ६,५०० रुपये. भिंतीला लागून पाच येझदी आणि एक जावा. दोघींना इंजिन नाही, एकीला चाकं नाहीत.

मिस्त्री बासष्ट वर्षांचे आहेत. बुटक्या स्टुलावर बसून ते रेक्झिनची पिशवी भरतायत. रिंग पाने, टी-पाना, दोन स्क्रू-ड्रायव्हर, फिलर गेज. नवा प्लग. हातभर पेट्रोल पाइप. पायमोज्यात घातलेलं चुंबक. टॉर्च, दोरी, पेन्सिल, कोरे कागद, वही. दुसऱ्या पिशवीत सहा व्होल्टची बॅटरी, रात्रभर चार्जिंगला लावलेली. मग एक लिटरची बाटली घेऊन तिच्यात पेट्रोल ओततात. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने चार मापं टू-टी ऑईल घालतात. चाळीस मिली. बाटली हलवून झाकण आवळतात.

"बसून असलेल्या गाडीतलं पेट्रोल वापरायचं न्हाई," ते सांगतात. "आपलं पेट्रोल, आपला प्लग, आपली बॅटरी. मग जे काय कळंल ते इंजिनाचं कळंल."

आज एका गिऱ्हाइकासाठी गाडी बघायला जायचं आहे. बघण्याचे १,००० रुपये. गाडी घेतली तरी तेवढेच, नाही घेतली तरी तेवढेच.

सकाळी ७.१०

गिऱ्हाईक स्प्लेंडरवर येतो. वय एकतीस. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर. महिन्याला २४,००० हातात पडतात. आज त्याला सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा. दीडपर्यंत परत यायला हवं. त्याच्याकडे ९०,००० आहेत. पन्नास भिशीचे, बाकी दोन वर्षांच्या ओव्हरटाइमचे.

त्याला जुनीच येझदी हवी आहे, टू-स्ट्रोक. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या मिळतात. त्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या, ३३४ सीसीच्या. त्यांच्या इंजिनातलं काहीही जुन्या गाडीला बसत नाही. त्यामुळे शोरूमला जाऊन जुन्या येझदीचा गिअर मागता येत नाही. जुनी घेणाऱ्याला आधी मिस्त्री शोधावा लागतो.

मिस्त्री त्याला तीन प्रश्न विचारतात.

"घरात सांगितलंयस?"

"होय मामा."

"कामावर जायला दुसरी गाडी हाय?"

"ही स्प्लेंडर आहे की."

"लावायला छपराखाली जागा?"

"केली आहे."

"मग चल."

सकाळी ७.५०

राधानगरी रस्ता. फेब्रुवारी आहे. उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यामुळे पुईखडीच्या चढाला रांग लागते. पुढे स्प्लेंडर, मागच्या सीटवर मिस्त्री, मांडीवर बॅटरी. मी स्कूटरवर त्यांच्या मागे. हळदी जातं, परिते येतं. तिथे चहासाठी थांबतो. दहा रुपये कप.

मिस्त्री १९८१ साली, सतराव्या वर्षी, एका डीलरच्या सर्व्हिस स्टेशनमध्ये लागले. रोज तीन रुपये. गाड्या म्हैसूरहून यायच्या, आयडियल जावा कंपनीच्या. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी काढलेला हा कारखाना. १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर मोटरसायकली बनत होत्या. सत्तरच्या दशकात त्याच गाड्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आलं. १९७८ मध्ये रोडकिंग निघाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

"डीलरनं दुकान आवरलं तवा स्पेअरची दोन कपाटं होती," मिस्त्री सांगतात. "पतपेढीचं कर्ज काढून घेतली मी. अकरा हजाराला. लोकं म्हणली, बंद कंपनीचा माल घेऊन काय करतोस? पण गाड्या कुठं बंद झाल्या होत्या?"

कप खाली ठेवून ते उठतात. अजून सातेक किलोमीटर जायचंय.

सकाळी ८.४०

गाव भोगावतीच्या काठाजवळ. रस्त्यापासून आत घर, बाजूला गोठा, गोठ्याला लागून पत्र्याचं शेड. शेडमध्ये खताच्या रिकाम्या पोत्यांखाली येझदी २५०. मालक पन्नाशीतला शेतकरी. गाडी त्याच्या वडिलांची. ते २०१६ मध्ये गेले, तेव्हापासून ती उभीच आहे. किंमत सांगितलीय ७५,०००. मालकाची आई उंबऱ्यावर बसून शेंगा फोडतेय.

गिऱ्हाईक पोती बाजूला करायला जातो. मिस्त्री त्याचा दंड धरतात.

"गाडी पळून जात न्हाई. अण्णा, आधी आरसी दाखवा."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुस्तक येतं. नोंदणी १९८२. नंबर एमएच येण्याआधीच्या तीन अक्षरी मालिकेतला. पहिली मुदत पंधरा वर्षांची, १९९७ पर्यंत. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का. शेवटचा शिक्का २०१७ पर्यंतचा आहे.

"आक्का, गाडी अजून ह्यांच्याच नावावर का?"

"ह्यांच्याच की. कोण करतंय बदल?"

मिस्त्री वही उघडून एकेक काम लिहीत जातात, मोठ्याने बोलत. मृत्यूचा दाखला. फॉर्म ३१, मालक वारल्यावर नाव बदलण्याचा. वारस चौघं: आक्का, मुलगा आणि दोन मुली. एक गारगोटीला दिलीय, एक निपाणीला. चौघांची संमती लागणार. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. नूतनीकरणाचा फॉर्म २५. पर्यावरण कर, विमा, पीयूसी. गाडीची नोंद संगणकात नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री. शेवटी नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. आणि नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी चालू लागते. दिवा, हॉर्न, ब्रेक, सगळं.

"एवढं हाय?" मालक विचारतो.

"एवढंच हाय," मिस्त्री म्हणतात. "केलं तर हुतंय. न्हाई केलं तर ही मोटरसायकल न्हवं, भंगार हाय. आता पोती काढा."

सकाळी ९.१०

मिस्त्री पेट्रोलच्या फडक्याने चॅसिसची मान पुसतात. चाळीस वर्षांचं ग्रीस आणि धूळ निघते. खाली नंबर दिसतो. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासतात. आकडे कागदावर उमटतात. इंजिनच्या केसिंगवरचा नंबरही तसाच घेतात. मग गिऱ्हाईक पोराला पुस्तक देतात आणि स्वतः कागद धरतात. तो एकेक आकडा वाचतो, मिस्त्री मान हलवतात. दोन्ही नंबर जुळतात.

तेवढ्यावर ते थांबत नाहीत. टॉर्च तिरकी धरून आकड्यांची खोली बघतात. नंबर पुन्हा ठोकला असेल तर आकडे वरखाली असतात, आजूबाजूला ग्राइंडरचा ओरखडा असतो. इथे तसं काही नाही. मानेला वेल्डिंगही नाही.

मग चुंबक. मोज्यात घातलंय, कारण टाकीला चरा पडायला नको. उजव्या बाजूला ते घट्ट धरतं. डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत सुटतं. तिथे पोचा होता, वर पुट्टी भरलीय. टाकीच्या तोंडातून टॉर्च आत मारली तर तळाला तांबडा गंज.

दोरी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरतात. चाकं एका रेषेत आहेत. हेडलाइटच्या डोममध्येच बसवलेला स्पीडोमीटर मूळचा आहे, काच फुटलेली. मागच्या चेनवरचं पत्र्याचं बंद कव्हर शाबूत आहे. मिस्त्री त्यावरून हात फिरवतात.

"ह्ये लोकं काढून भंगारात टाकायची. आता शोधत फिरत्यात."

सायलेन्सर दोन. येझदी २५० ला सिलिंडर एकच, पण धूर बाहेर पडायला दोन वाटा, म्हणून दोन्ही बाजूंना नळकांडी. उजवं कंपनीचं आहे. डावं कुणीतरी गावात बनवून बसवलंय.

सकाळी १०.००

"अण्णा, हेड खोलतो. परत बसवून दिल्याबिगर जात न्हाई."

मालक जरा थांबतो, मग हो म्हणतो. चार नट. जुने आहेत, म्हणून मिस्त्री झटका देत नाहीत. थोडं ऑईल सोडून पाच मिनिटं वाट बघतात. नट सुटतात, हेड वर येतं. पिस्टनच्या डोक्यावर काळा कार्बन. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ते खरवडतात. खाली आकडा निघतो: ५०.

म्हणजे सिलिंडर आधी वाढवून झालाय. कंपनीचं बोअर ६५ मिलिमीटर. हे अर्धा मिलिमीटर मोठं, ६५.५०. पुढे ७५ आणि १०० असे आणखी दोन वेळा वाढवता येईल. त्यानंतर स्लीव्ह.

मिस्त्री पोराला बोट आत घालायला सांगतात. सीएनसीवाल्याचं बोट सिलिंडरच्या वरच्या कडेला थांबतं. तिथे धार लागते. रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंत झीज, त्याच्या वर मूळ माप.

"शंभर-दीडशे मायक्रॉन गेलंय मामा."

"माझ्याकडं मायक्रोमीटर हाय गाळ्यात. पण तू म्हणतोस तेवढंच असंल. बोअर मागतंय."

मग पिस्टन अर्ध्यावर आणून मिस्त्री त्यावर अंगठा दाबतात. टक. सोडून पुन्हा दाबतात. टक. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला वरखाली खेळ आहे. बिग एंड गेलाय. म्हणजे क्रँक फोडावा लागेल. हा या गाडीतला सगळ्यात महाग आवाज.

ते हेड परत बसवतात. नट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळतात.

सकाळी १०.५०

आता चालू करून बघायचं. बॅटरी जोडली. नवा प्लग लावला. पेट्रोलची बाटली हँडलला टांगून पाइप कार्बोरेटरला दिला. पॉइंट काळे पडले होते. ते पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने ०.४ मिलिमीटरचा गॅप लावला.

येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक. खाली आणला की गिअर. मिस्त्री उभे राहून किक मारतात. काही नाही. पुन्हा. एक फुसका आवाज. पाच-सहा किकांनंतर इंजिन धरतं. दोन्ही नळकांड्यांतून पांढरा धूर. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहते.

जुन्या गाडीत तळाला साठलेलं ऑईल आधी जळतं. त्यामुळे सुरुवातीच्या धुरावरून काही ठरत नाही. मिस्त्री घड्याळ बघतात. पाच मिनिटं झाली तरी धूर कमी होत नाही. ते नळकांड्याशी वाकून वास घेतात. गाडी बंद करून गिअरबॉक्सचा लेव्हल स्क्रू काढतात. थेंबभरही ऑईल येत नाही.

"गिअरबॉक्सचं ऑईल इंजिन पितंय. क्लचकडचं क्रँकचं सील फाटलंय. सील शंभर-दोनशेचं. पण ते बदलायला पूर्ण डावी बाजू खोलायची."

पुन्हा चालू. इंजिन फिरवलं तरी चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. डायनॅमो काम करत नाही. मग मिस्त्री स्वतः गाडी घेऊन पाणंदीतून उसाच्या कडेपर्यंत जाऊन येतात. पहिला ठीक. तिसरा, चौथा ठीक. दुसऱ्या गिअरवर ओढ दिली की दांडा आपोआप सुटतो.

"दुसरा गिअर सोडतोय," ते उतरता उतरता सांगतात.

सकाळी ११.३०

सोप्यात चहा. मिस्त्री वहीत खर्च मांडतात. आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचतात. क्रँकचं काम, रॉड आणि बेअरिंगसह ६,५००. बोअरिंग, पिस्टन, रिंगा ३,४००. सील-गास्केट ९००. क्लच प्लेटा आणि आतली चेन २,८००. डायनॅमो वाइंडिंग २,२००. वायरिंग आणि बॅटरी २,६००. दोन टायर-ट्यूब ४,८००. रिम-स्पोक २,३००. मजुरी ६,५००. एकूण ३२,०००. रंग आणि क्रोम ह्यात नाही. दुसरा गिअर ह्यात नाही.

"मोबाईलवर दीड लाख सांगत्यात लोकं," मालक म्हणतो.

"सांगत्यात. चालू गाडी, पूर्ण कागद, त्याला कुणी दील पण. तुमच्या गाडीचा सांगाडा चांगला हाय, नंबर खरं हायत. म्हणून तर बसलोय. पण बत्तीस हजार घातल्याबिगर ही तपासणीला उभी ऱ्हात न्हाई."

"साठ द्या."

पोरगा मिस्त्रींकडे बघतो. मिस्त्री म्हणतात, "पंचेचाळीस."

उंबऱ्यावरून आक्का बोलते. "पोरींच्या सह्या लागणार म्हंजी पोरींचा वाटा बी आला. चौघांत वाटून काय उरतंय? पन्नासाच्या खाली सोडू नगंस."

शेंगा फुटत राहतात. कुणी बोलत नाही. ५२,००० वर येतं. चौघांत तेरा-तेरा हजार. पोराच्या डोक्यात दुसरा हिशेब चालू आहे: बावन्न आणि बत्तीस, चौऱ्याऐंशी. कागदांना सहा उरतात.

"घेऊ का मामा?"

"गाडी घेण्यासारखी हाय. पण आज न्यायची न्हाई. आज फक्त इसार. चौघांच्या सह्या आणि एकतीसची फाईल तयार झाली की बाकीचे पैसे, मग गाडी."

वहीचं पान फाडून लिहिलं जातं. विसार ५,०००, गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, दोन महिन्यांत कागद न झाल्यास विसार परत. फॉर्म ३१ चा खर्च मालकाचा, नूतनीकरणाचा घेणाऱ्याचा. दोघांच्या सह्या. फोनपेवर पैसे जातात. दोघंही पानाचा फोटो काढतात. पेन्सिलीचे नंबर घेतलेला कागद मिस्त्री पोराच्या खिशात घालतात.

दुपारी १२.२०

परतीचा रस्ता. परित्याला गाडी थांबवून मिस्त्री फोन लावतात. हातकणंगल्याकडच्या एका भंगारवाल्याला. त्याने गेल्या आठवड्यात सांगितलं होतं की दोन येझदींचं फुटलेलं सामान आलंय.

"इंजिन कापलंस का अजून? न्हाई? मग कापू नगंस. गिअरचा डबा घेऊन ये संध्याकाळी. जाण्यायेण्याचं बघू."

दुपारी १.२०

गाळा. पोरगा १,००० रुपये देतो आणि कागलकडे सुटतो. शिफ्टला उशीर नको.

मिस्त्री हात धुतात. आधी वॉशिंग पावडरने, मग साबणाने. नखांतलं काळं तसंच राहतं. डब्यात भाकरी, आमटी, खर्डा. हेल्पर समोर बसून आपला डबा खातो. तो वीस वर्षांचा, आयटीआय झालेला. रोज ४००. सकाळपासून एकट्याने त्याने एका येझदीची क्रँककेस डिझेलने धुतलीय आणि भाग ट्रेमध्ये उतरवल्याच्या क्रमाने मांडलेत. गाडी कराडच्या एका शिक्षकाची. काम तेच: बिग एंड, बोअर, सील. सकाळच्या गाडीला पुढे काय काय लागेल, ते आज दुपारी या गाडीवर बघायला मिळतंय.

दुपारी २.१०

पलीकडच्या गल्लीत क्रँकवाला. त्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. क्रँकच्या दोन जाड चकत्या, मधे पिन. प्रेसखाली पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो. जुना रॉड निघतो. पिनेवर बोट फिरवलं की खड्डे लागतात. नवा रॉड, नवी पिन, नवं बेअरिंग बसतं. हा दिल्लीहून आलेला माल आहे. मिस्त्रींनी तीन किट मागवून त्यातलं एक निवडलंय, दोन परत पाठवलीत.

बसवणं सोपं, सरळ करणं अवघड. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरतात, टोकाला डायल गेज लावतात. हाताने फिरवलं की काटा हलतो. क्रँकवाला तांब्याच्या हातोडीने चकतीच्या कडेला एक ठोका देतो. पुन्हा फिरवतो. पुन्हा ठोका. पंचवीस मिनिटं हेच. काटा दोन शतांश मिलिमीटरवर आल्यावर मिस्त्री मान हलवतात. मजुरी ६००.

"ह्येच्यात घाई केली की दोन हजार किलोमीटरला परत येतंय," ते म्हणतात.

दुपारी ३.५०

बोअरिंगवाल्याकडे आधीच फाउंड्रीची कामं रांगेत आहेत. मिस्त्रींचा सिलिंडर मधे घेतो. चाळीस वर्षांची ओळख आहे. पिस्टन आधी मोजायचा, मग सिलिंडर कापायचा. डब्यावर ७५ लिहिलंय म्हणून ७५ कापायचं नाही, कारण आता मिळणारे पिस्टन एकसारखे नसतात. मिस्त्री पिस्टनच्या स्कर्टला मायक्रोमीटर लावून माप कागदावर लिहून देतात. त्यावर सहा शतांश मोकळीक. कमी ठेवली तर तापल्यावर पिस्टन जाम होतो. जास्त ठेवली तर थंड असताना खडखडतो. होनिंग झाल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या बारीक रेघा दिसतात. त्यात ऑईल टिकतं. ४५० रुपये.

सायंकाळी ५.००

जुळवणी. मेन बेअरिंग साध्या बेअरिंगच्या दुकानातून आलीत. कारखाना बंद पडला तरी बेअरिंगचं माप जगभर तेच असतं, त्यामुळे त्यांची अडचण कधी आली नाही. अडचण येते ती गिअर, किकचा क्वाड्रंट, क्लचचा ड्रम अशा गोष्टींची. त्या येझदीशिवाय कुठल्याच गाडीत नसतात.

सील बसवायचं काम मिस्त्री हेल्परला देतात. तो सीलची ओठाकडची बाजू तपासतो, कडेला ग्रीस लावतो, जुन्या बेअरिंगचं कडं वर ठेवून लाकडी हातोडीने सारखं सारखं ठोकतो. मिस्त्री बोलत नाहीत. सील बसल्यावर भोवतीने अंगठा फिरवतात.

"बरोबर. आता दुसऱ्या बाजूचं."

तीन पोरं येऊन गेली, मिस्त्री सांगतात. एक बुलेटच्या शोरूमला लागला, एक रिक्षा चालवतो. तिसरा हा. हा टिकला तर कपाटं त्याचीच. हेल्पर मान खाली घालून दुसरं सील बसवतोय. चाळीस वर्षांचं शिक्षण असं चारशे रुपये रोजावर पुढे जाताना मी आज बघितलं, आणि ते पुढे जावं असं मला फार वाटतं.

सायंकाळी ६.४०

गेल्या आठवड्यात पूर्ण झालेली एक येझदी न्यायला गिऱ्हाईक आलंय. मजुरीचे राहिलेले २,२०० रुपये देतो. मिस्त्री सूचना देतात. पहिले पाचशे किलोमीटर लिटरला पन्नास मिली ऑईल, नंतर चाळीस. चाळीसच्या वर वेग नाही. दर वीस किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ द्यायचं. उताराला थ्रॉटल पूर्ण मिटून गाडी सोडायची नाही. ह्या इंजिनाला ऑईल पेट्रोलातूनच मिळतं, थ्रॉटल मिटली की ते तुटतं.

"लिहून घ्या," मिस्त्री म्हणतात. गिऱ्हाईक लिहून घेतो.

सायंकाळी ७.३०

भंगारवाला टेम्पोतून डबा उतरवतो. डब्यात ग्रीस, माती आणि लोखंड. त्याने किलोवर घेतलंय, इथे नगावर विकणार. मिस्त्री वर्तमानपत्र पसरून एकेक गिअर पुसतात, दिव्याखाली धरतात. दात सगळे बघतात, पण जास्त वेळ बघतात ते बाजूचे खुंट. खुंटांच्या कडा गोल झाल्या की गिअर सुटतो. चौकोनी असल्या की धरतो. नऊ गिअर बाजूला काढतात, सहा परत डब्यात. एक क्वाड्रंट ठेवतात. क्रँकची एक चकती ठेवतात.

"चार हजार," भंगारवाला म्हणतो.

"दुसऱ्याची जोडी चांगली हाय. बाकीचं मी ठेवून घेतोय, उद्या लागंल न लागंल. दोन हजार."

२,५०० वर तुटतं.

सायंकाळी ८.२०

वहीत दिवस लिहिला जातो. जमा: गाडी बघण्याचे १,०००, मजुरी २,२००. खर्च: हेल्पर ४००, चहा ८०, गिअर २,५००. क्रँक आणि बोअरिंगचे पैसे शिक्षकाच्या खात्यावर. हातात राहिले २२०.

मग मिस्त्री पोराला फोन लावतात. मागे मशीनचा आवाज येतोय, तो ओरडून बोलतो.

"दुसऱ्या गिअरची जोडी मिळाली. सहाशे धरलेत. तुझा आकडा आता बत्तीस हजार सहाशे."

"चालतंय मामा. गाडी कधी लावायची तुमच्याकडं?"

"गिअर ठेवलाय बाजूला, तुझं नाव घालून. तू सुट्टीला गारगोटीला जा. त्यांच्या बहिणीची सही आधी घे. निपाणीची कर्नाटकातली, तिला दोन दिवस धर. सह्या झाल्या की सांग, टेम्पो मी सांगतो."